हात दिसता कामा नये

येत्या गुरुवारी माझी मुलगी तान्ह्या लेकीला घेऊन परदेशी जाणार आहे. तिकिटं आली, बॅगा दाराशी उभ्या आहेत, जावई तिकडे पाळणा जोडून बसलाय. हे सगळं जुळून आलं ते माझ्या एका फोटोमुळे, असं मी गेले पंधरा दिवस भेटेल त्याला सांगत सुटलोय. तुम्हालाही तेवढंच सांगून, चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण तुम्ही निवांत बसलाच आहात, मुलगी नातीला घेऊन आत झोपली आहे, तेव्हा खरं काय झालं ते हळू आवाजात सांगून टाकतो. तिच्या कानावर जायला नको.

मी फोटोवाला. लग्नंबिग्नं कधी घेतली नाहीत. तिथे नवरा हलला काय आणि नवरी हलली काय, लोक कौतुकानेच बघतात. माझं काम ओळखपत्रांचं, पासपोर्टचं, व्हिसाचं. मागे पांढरी भिंत, चेहरा समोर, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, सावलीचा ठिपकासुद्धा नको. चाळीस वर्षांत माझा एकही फोटो कुठल्या कचेरीतून परत आला नाही. याला तुम्ही गर्व म्हणा, माझी हरकत नाही. ज्याचा माल खणखणीत, त्याने वाजवून दाखवायला कशाला लाजायचं?

त्यातही माझं नाव होतं ते तान्ह्या मुलांच्या फोटोंसाठी. दुसरे फोटोवाले हात टेकायचे आणि गिऱ्हाईक माझ्याकडे धाडायचे. चार महिन्यांचं मूल बसत नाही, मान धरत नाही, तोंड मिटत नाही. आणि नियम असा, की धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. मग करायचं काय? तर एका बाईने स्टुलावर बसायचं, डोक्यावरून पायापर्यंत पांढरी चादर घ्यायची, आणि चादरीच्या आतून मुलाला दोन्ही बगलांखाली धरायचं. समोरून बघाल तर पांढऱ्या भिंतीपुढे मूल एकटंच बसलेलं.

ती बाई म्हणजे आमची ही. माझी बायको.

चादरीखालची तिची पकड मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. मुलाला दुखत नसे आणि मूल हलतही नसे. मी "डावीकडे" म्हटलं की मूल दोन बोटं डावीकडे सरकायचं, "हनुवटी" म्हटलं की मागून एक बोट चादरीसकट हनुवटीखाली यायचं आणि फोटोच्या आधी नाहीसं व्हायचं. मी "एक" म्हटलं की ही श्वास रोखून धरायची, कारण श्वासाने नाकापुढचं कापड आतबाहेर होतं आणि भिंतीवर त्याची छाया पडते. "झालं" म्हणेपर्यंत सोडायची नाही. चादरीला खळसुद्धा घालत नसे. खळ घातली की कापड सळसळतं आणि मूल बिचकतं. घडी पडली की फोटोत रेघ उमटते, म्हणून चादर धुऊन, उन्हात वाळवून एका लांब नळीवर गुंडाळून ठेवायची. हे सगळं तिचं तिनेच शोधून काढलेलं.

एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, आत कोण बसलंय? मी घाईत होतो. म्हटलं, कोणी नाही हो, ती चादर आहे. दुकानात हशा पिकला आणि तेव्हापासून तेच नाव पडलं. घरात "अगं" आणि दुकानात "चादर". "चादर, बस," म्हटलं की ही गल्ल्यावरून उठून स्टुलावर जाऊन बसायची. तिला त्याचं काय वाटायचं ते मी विचारलं नाही. पाटीवर नाव माझं, फोटोमागे शिक्का माझा, आणि वाहवाही माझी.

दोन वर्षांपूर्वी ती दुपारची झोपली ती उठलीच नाही. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो, तर चाळीस वर्षं फोटो काढणाऱ्याच्या घरात बायकोचा एक धड फोटो निघाला नाही. कुणाच्या तरी समारंभातल्या घोळक्यातून तिचा चेहरा कापून मोठा करावा लागला. त्यातही ती दुसरीकडेच बघतेय. मी त्याच महिन्यात दुकान बंद केलं. लोकांना सांगितलं, वय झालं. खरं हे, की चादरीत बसायला कोणी उरलं नाही.

त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षांनी नात झाली, ठमी. कागदोपत्री तिचं नाव भारदस्त आहे, पण आम्ही ठमीच म्हणतो. जावयाला तिकडे नवीन नोकरी, रजा नाही. त्याने लेक पाहिली ती फक्त फोनवर. व्हिसासाठी मंगळवारची वेळ मिळाली होती, पण फोटोसकट अर्ज त्याआधीच्या शुक्रवारी पाचच्या आत संगणकावरून पाठवायचा होता. तो चुकला की वेळ रद्द आणि पुढची वेळ तीन महिन्यांनी. मुलगी म्हणाली, तीन महिन्यांनी ठमी माणसं ओळखू लागेल, मग बापाला बघून परका म्हणून रडेल. कोपऱ्यावर नवीन दुकान निघालंय, तिथे पटकन फोटो काढून येऊ, असं तिचं म्हणणं.

मला ते झोंबलं. चाळीस वर्षं लोक माझ्या दारी रांगा लावत होते आणि माझ्या नातीने दुसऱ्याच्या दुकानात जाऊन बसायचं? मी म्हटलं, घरी काढू. खिडकीजवळची भिंत पांढरी आहे, दुपारचं ऊन पडद्यातून मऊ होऊन येतं, स्टूल आहे, चादर आहे. तू फक्त चादरीत बस.

शुक्रवारी दुपारी दोनला सुरुवात केली. चादर कपाटामागून काढली, भिंतीपुढे स्टूल मांडलं. मुलगी चादर घेऊन बसली, ठमी तिच्या मांडीवर. पहिला फोटो पाठवला, तो लगेच परत आला. इतर व्यक्तीचा अंगठा दिसतो. दुसऱ्यात ठमीची मान कलली आणि डोळे मिटले. तिसऱ्यात मुलीच्या श्वासाने चादर पुढेमागे झाली आणि भिंतीवर पट्टा उमटला. पार्श्वभूमीवर सावली, अमान्य. तीन फोटो, तिन्ही परत. माझे. चाळीस वर्षांत जे झालं नाही ते तासाभरात तीनदा झालं.

मी मुलीवर खेकसलो. श्वास रोखायला सांगितलं तर क्षणभर थांबता येत नाही का? ती चादरीतूनच म्हणाली, "बाबा, आईला जमायचं. मला नाही जमत." मग ठमी रडायला लागली आणि तिने चादर बाजूला टाकली. ठमीला पाजते, मग बघू, म्हणाली. सव्वातीन वाजले होते. ऊन भिंतीवरून सरकायला लागलं होतं. मी चिडून न्हाणीघरात गेलो आणि नळ सोडून तोंडावर पाणी मारत बसलो. मनात एकच चाललेलं, की माझ्या हट्टापायी पोरीचे तीन महिने जाणार.

मुलगी बाहेरून काहीतरी बोलल्यासारखं वाटलं. पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. ती परत बसायला तयार झाली असेल, असं समजून मी आतूनच ओरडलो,

"चादर, बस आता. ऊन चाललं."

आणि जीभ चावली. दोन वर्षांत हा शब्द तोंडात आला नव्हता. मुलीला वाईट वाटलं असेल म्हणून मी नळ बंद केला, तोंड पुसत बाहेर आलो, तर ती काही न बोलता बसलेलीही होती.

चादर डोक्यावरून सरळ खाली आलेली. मघाशी गुडघ्यांचे उंचवटे दिसत होते, आता एक सुरकुती नाही. ठमी पुढे ताठ बसलेली, रडून झालेली, अगदी शांत. खोलीत उन्हात वाळवलेल्या सुती कापडाचा वास येत होता. चादर दोन वर्षं कपाटामागे पडून होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. खाली पाय दिसत होते की नाही, तेही मी पाहिलं नाही. कॅमेऱ्यामागचा माणूस चौकटीबाहेरचं बघत नाही.

"जरा डावीकडे," मी म्हटलं.

ठमी दोन बोटं डावीकडे सरकली. दोनच बोटं.

"हनुवटी."

चादरीला पुढे एक टोक आलं, ठमीची हनुवटी वर झाली, टोक नाहीसं झालं. मला काय वाटलं सांगू? भीती नाही वाटली. अभिमान वाटला. शेवटी रक्त कुणाचं आहे, असं वाटलं. आई गेली पण हात लेकीला देऊन गेली.

"एक..."

चादर नाकापुढे हलायची थांबली, असं मी म्हणणार होतो. पण खरं सांगतो... ती आधीपासूनच हलत नव्हती. मी चार फोटो घेतले. चार महिन्यांचं पोर इतका वेळ पापणी न लववता बसत नाही. ठमी बसली. ती माझ्याकडे बघत होती, तोंड मिटून, एखाद्या मोठ्या माणसासारखी.

मी पाठ फिरवून टेबलाशी गेलो, त्यातला एक फोटो संगणकावर घेतला आणि पाठवला. पडद्यावर ते चाक फिरत राहिलं. मागे चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. मग हिरवी खूण उमटली. मान्य.

"झालं!" मी म्हटलं.

माझ्या पाठीमागे कुणीतरी श्वास सोडला. लांब, संथ, खूप वेळ रोखून धरलेला श्वास.

तेवढ्यात बाहेरच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरली. मुलगी आत आली. पायात चपला, कपाळावर घाम, हातात कागद. दबक्या आवाजात विचारलं, ठमी उठली नाही ना? मघाशी पाजता पाजता झोपली, तिला पाळण्यात ठेवून ती अर्जाच्या प्रती काढायला खाली गेली होती. मला दारातून सांगून गेली म्हणे.

मी वळलो. स्टूल रिकामं. ठमी पाळण्यात गाढ झोपलेली, मुठी मिटून. आणि चादर नळीवर गुंडाळून कोपऱ्यात उभी. मी आणि मुलीने ती चादर कधी धड गुंडाळलेली नाही, कुठेतरी चूण राहतेच. या गुंडाळीत चूण नव्हती.

मुलीने पडद्यावरची हिरवी खूण बघितली आणि ती खुर्चीत बसून रडायलाच लागली. आनंदाने. मग डोळे पुसून म्हणाली, पण ठमीला धरलं कोणी? एकट्याने कसं जमलं?

इथे मी काय करावं? पोरीला सांगावं, की तुझी आई येऊन गेली? मी छाती फुगवून म्हटलं, "चाळीस वर्षं काय माशा मारत होतो?" ती हसली. माझ्या गळ्यात पडली. तिने लगेच जावयाला फोन लावला आणि बाबांनी एकहाती फोटो काढला म्हणून सांगितलं. तो तिकडून टाळ्या वाजवतोय आणि मी इथे मान डोलावतोय. मेल्यावरसुद्धा तिचं श्रेय मीच लाटलं. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि तरी मी मान डोलावत राहिलो.

मुलगी स्वयंपाकाला लागल्यावर मी तो फोटो मोठा करून बघितला. हात कुठेच नाही. नखसुद्धा नाही. फक्त ठमीच्या झबल्यावर, डाव्या बगलेखाली, कापड चार ठिकाणी आत दबलेलं. चार बोटांची जागा. बघून अंगावर काटा आला हे खरं, पण त्याखाली दुसरंही होतं. अशी पकड जगात कुणाची नाही, असं वाटत होतं. चाळीस वर्षं जे म्हणायला हवं होतं ते मी पडद्याकडे बघत पुटपुटलो. म्हटलं, काम चोख केलंस गं.

त्यानंतर चार दिवस ठमी अजिबात रडली नाही. मुलगी खूश होती. पाळण्याकडे जाताना माझी पावलं मात्र जड व्हायची.

मंगळवारी आम्ही तिघं व्हिसाच्या कचेरीत गेलो. लांब दालन, काचेच्या खिडक्या, प्रत्येक खिडकीपुढे हातभर रुंद दगडी कठडा. आमचा नंबर पुकारला. खिडकीमागे चष्मा लावलेली, कमी बोलणारी एक बाई. मुलगी ठमीला कडेवर घेऊन डाव्या बाजूला ठशांच्या यंत्रापाशी उभी राहिली, मी कागदांची फाइल उघडून तिच्या शेजारी. त्या बाईंनी अर्ज उलटला, ठमीचा फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, परत जवळ आणला.

कुठल्या स्टुडिओतला, त्यांनी विचारलं. घरी काढला, मी म्हटलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. म्हणाल्या, दिवसाला शंभर बाळांचे फोटो बघते, निम्मे परत करते, असा फोटो वर्षात एखादा येतो. मी असा फुललो म्हणता! मग त्यांनी मान वर केली.

"बाळाला कोणी धरलं होतं? हात दिसत नाही म्हणून विचारते."

चाळीस वर्षांत बाहेरच्या माणसाने हे विचारण्याची ही दुसरीच वेळ. पहिल्या वेळी मी काय उत्तर दिलं ते माझ्या छातीत रुतून बसलेलं. मुलगी शेजारी होती, तिने ऐकलं असतं. ऐकू दे, म्हटलं.

"आमच्या हिने. माझ्या बायकोने धरलं होतं."

मुलीने झटकन माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात यंत्राने तिला हाक मारली. उजव्या हाताची चार बोटं, मग डाव्या हाताची चार. ती एका हाताने ठमीला सांभाळत ठसे देत होती. मी मात्र सुटलो होतो. तोंडाला खीळच राहिली नाही. बाईंना सांगत होतो, की हिच्या हातात किती मुलं बसली, त्यातली किती देशोदेशी गेली, त्यांच्या फोटोमागे शिक्का माझा असला तरी पकड हिची. हात दिसत नाही हीच तर खुबी. तुम्ही कितीही भिंग लावा, सापडायचा नाही. मागच्या रांगेतले लोक ऐकत होते. मला आवाज कमी करावासा वाटला नाही. माझी मान इतकी ताठ आयुष्यात कधी नव्हती.

मध्येच मुलगी काहीतरी म्हणाली. बाबा, घ्या हिला, असं म्हणाली असेल. मी बोलत होतो.

खिडकीमागच्या बाईंचं लिहिणं थांबलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"आजोबा..." त्या अगदी हळू म्हणाल्या, "आत्ता बाळाला कोणी धरलंय?"

मी वळलो. मुलगी यंत्रावर वाकलेली, दोन्ही अंगठे एकदम काचेवर टेकलेले, हिरवा दिवा लागायची वाट बघत. माझ्या दोन्ही हातांत फाइल. आणि आमच्या मध्ये, दगडी कठड्यावर, ठमी बसली होती. एकटी. पाठ ताठ, मान सरळ, डोळे उघडे, तोंड मिटलेलं. झबलं बगलेखाली चार ठिकाणी दबलेलं.

दिवा लागला. मुलीने अंगठे उचलले आणि वळून बघितलं. तिला वाटलं असेल मी धरलंय, मग तिने माझे हात बघितले. तिने ठमीच्या कमरेला दोन्ही हात घातले आणि उचललं.

ठमी लगेच आली नाही. मुलीला तिला ओढून घ्यावं लागलं. एकदा नाही, दोनदा.